शब्द कुठे बसतो ते शिकवणारा क्लास: चार स्टार, पाचवा काउंटरने घालवला

आधीच सांगते, हा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाहीये. बऱ्याच जणांनी "बोलायला काहीच शिकवत नाहीत" म्हणून एक-एक स्टार टाकलाय, त्यांचा राग मला कळतो पण तो सरांवर निघतोय आणि निघायला पाहिजे काउंटरवर, म्हणजे बाहेर प्रवेश देणाऱ्यांवर, ते पुढे सांगतेच. इथे लिहिताना कुठला इंग्रजी शब्द कुठे बसतो ते शिकवतात. माझे चार.

नाशिकला कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत वरच्या मजल्यावर एक हॉल आहे, शनिवार-रविवारची बॅच, सर रिटायर्ड प्राध्यापक, आवाज बारीक पण मागे बसलं तरी ऐकू येतं कारण ते बोलायला लागले की कोणी कुजबुजत नाही. मी अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत परचेसला आहे, दिवसभर मेल, कोटेशन, रिजेक्शन नोट, सगळं इंग्रजीत. मला फाडफाड बोलायचं नव्हतं, लिहिताना कुठला शब्द टाकायचा एवढंच पाहिजे होतं. त्या कामाला हा क्लास एक नंबर आहे.

सरांची पद्धत अशी की ते शब्दांची यादी पाठ करायला देत नाहीत, एक अर्थ घेतात आणि त्या अर्थाच्या आसपास फिरणारे सगळे शब्द एका बोर्डावर आणतात. मी केलं ते मॉड्यूल होतं एखाद्या कामासाठी, माणसासाठी, प्रसंगासाठी योग्य असणं या अर्थाचं. म्हणजे फिट, सूटेबल, ॲप्रोप्रिएट, प्रॉपर, ॲप्ट, फिटिंग, ॲडिक्वेट, एलिजिबल, बिकमिंग, एक्सपिडियंट वगैरे वगैरे. ऐकायला वाटतं यात काय एवढं, डिक्शनरी उघडली तर सगळ्यांपुढे योग्य, उचित, लायक हेच आलटून पालटून लिहिलेलं असतं. घोळ तिथेच होतो, कारण आपण त्यातला कुठलाही उचलतो आणि वाक्यात ठोकतो.

सुरुवातीला सर चिठ्ठ्या वाटतात. एका रंगाच्या चिठ्ठ्यांवर हे शब्द आणि दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्यांवर गोष्टी, खुर्ची, शिक्षा, टोपणनाव, उमेदवार, श्रद्धांजली, औषधाचा डोस, पिण्याचं पाणी. जोड्या लावायच्या आणि का लावली ते सांगायचं. दहा मिनिटात सगळ्यांना घाम फुटतो. खुर्चीला सूटेबल चालतं पण ॲप्ट चालत नाही, ॲप्ट म्हणजे नेमकं लागू पडणारं, ते टोपणनावाला, शेऱ्याला, उदाहरणाला, बोललेल्या किंवा सुचलेल्या गोष्टीला लागतं. श्रद्धांजलीला फिटिंग, तिथे सूटेबल लिहिलं तर चूक म्हणता येणार नाही पण माणूस गेल्याचं दुःख कमी आणि हॉल बुक केल्याचा हिशोब जास्त वाटतो. पाण्याला फिट, फिट टू ड्रिंक. प्रत्येक जोडीला सर एकच विचारतात, "कशासाठी?" तुम्ही सूटेबल म्हणालात की कशासाठी, एलिजिबल म्हणालात की कशासाठी आणि कुठल्या नियमाने. त्या प्रश्नाचं उत्तर वाक्यात नसेल तर शब्द लटकतो असं त्यांचं म्हणणं आणि खरं सांगायचं तर ऑफिसच्या अर्ध्या मेलमध्ये तेच लटकणं असतं, "प्लीज टेक सूटेबल ॲक्शन" म्हणजे नक्की काय करायचं भाऊ.

फिट या एका शब्दावर जे लेक्चर झालं त्यासाठीच फी वसूल झाली माझी. आमच्या बॅचला सातपूरच्या आयटीआयमधून फिटर झालेला एक दादा होता, टूलरूमला काम करतो, सरांनी मार्कर त्याच्या हातात दिला आणि म्हणाले तुमच्याकडे फिट कशाला म्हणतात ते लिहा. त्याने पंचवीस एमएमचं होल काढलं. एच सेव्हन, जी सिक्स, पी सिक्स ही माप किती इकडेतिकडे चालेल ते सांगणारी ड्रॉइंगवरची नावं. एच सेव्हन होल म्हणजे २५.००० ते २५.०२१. आता त्यात शाफ्ट, म्हणजे आत बसणारा दांडा, जी सिक्सचा घेतला तर तो २४.९८० ते २४.९९३, म्हणजे कायम होलपेक्षा लहान, सरकतो, फिरतो, हा क्लिअरन्स फिट. आणि पी सिक्सचा घेतला तर २५.०२२ ते २५.०३५, म्हणजे सगळ्यात लहान शाफ्टसुद्धा सगळ्यात मोठ्या होलपेक्षा एक मायक्रॉन मोठा, तो हाताने जाणारच नाही, प्रेसवर दाबूनच बसवायचा, हा इंटरफिअरन्स फिट. मधला ट्रान्झिशन, कधी सैल कधी टाइट. मी हे आकडे रोज ड्रॉइंगवर बघते पण असं कधी बघितलं नव्हतं. सर म्हणाले यातला चांगला फिट कुठला? दादा म्हणाला, "सर असं कसं सांगणार, बुश बसवायचाय का शाफ्ट फिरवायचाय ते सांगा आधी." सरांनी नुसते हात जोडले, म्हणाले माझं लेक्चर झालं.

तिथून ते सरळ डार्विनवर गेले. सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट, आपण सगळे याचा अर्थ जो दणकट तो टिकतो असा घेतो, भाषणात, मोटिव्हेशनल रीलमध्ये, जिमच्या भिंतीवर सगळीकडे तोच अर्थ. मुळात हे शब्द डार्विनचे नाहीतच, हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये वापरले आणि डार्विनने आपल्या पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीत, १८६९ साली घेतले. आणि तिथे फिट म्हणजे त्या परिस्थितीला जुळणारा, जी सिक्स का पी सिक्स वाला फिट. दुष्काळात कमी खाणारा प्राणी फिट, थंडीत केसाळ फिट, त्याच केसाळ प्राण्याला उन्हात आणून सोडला की तो अनफिट. जिमचा काही संबंध नाही.

नाशिकचं उदाहरण एका बँकेतल्या ताईंनी दिलं, मला ते फार आवडलं. कॅशमध्ये नोटांची छाननी होते तेव्हा खऱ्या नोटांचे दोन ढीग पडतात, फिट आणि अनफिट. अनफिट नोट खोटी नसते, तिची किंमतही तेवढीच असते, फक्त मळलेली, फाटकी, रंग गेलेली असल्याने पुन्हा बाजारात द्यायच्या लायकीची राहिलेली नसते. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापतायत आपल्याकडे, घरोघरी प्रेसमध्ये कोणीतरी कामाला होतं, पण हा फिटचा अर्थ बॅचमध्ये निम्म्या लोकांना माहीत नव्हता. कशासाठी फिट? पुन्हा चलनात जाण्यासाठी. बस्.

आता निफाडकडच्या काकांचा किस्सा. द्राक्षं एक्सपोर्ट करतात, मुलगा डॉक्युमेंट बघायचा तो बाहेरगावी गेला म्हणून काका स्वतः मेल लिहायला बसले आणि शिकायचं म्हणून क्लासला आले, या वयात, त्यांना सलाम. त्यांनी रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पाठवायचा मेल वाचून दाखवला, त्यात होतं की आमची द्राक्षं ॲडिक्वेट क्वालिटीची आहेत आणि फिट फॉर ह्यूमन कन्झम्प्शन आहेत. काकांच्या डोक्यात ॲडिक्वेट म्हणजे जेवढी पाहिजे तेवढी पुरेपूर क्वालिटी. अर्थ चुकीचा नाहीये, लॅटिनमध्ये मुळात बरोबरीचं करणं असंच आहे, आणि कारखान्याच्या नियमात ॲडिक्वेट व्हेंटिलेशन लिहितात तेव्हा तो साधा सरळ पुरेसा हाच असतो. पण स्वतःच्या मालाबद्दल किंवा कोणाच्या कामाबद्दल ॲडिक्वेट म्हटलं की त्याला वास येतो, चालून जाईल, पस्तीस मार्क पडलेत. आणि फिट फॉर ह्यूमन कन्झम्प्शन म्हणजे तर खाल्ल्यावर काही होणार नाही एवढीच खात्री. ती सर्टिफिकेटमध्ये, तपासणीच्या रिपोर्टमध्ये शोभते, आपल्या तोंडाने विकताना म्हणलं तर समोरचा विचार करेल की हे सांगायची वेळ का आली. काका एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग सरांनी सगळ्यांकडून तो मेल लिहून घेतला, सूटेबल फॉर लाँग ट्रान्झिट, मण्याची साईज एमएममध्ये, रेसिड्यू म्हणजे फवारणीच्या औषधाचा उरलेला अंश युरोपच्या लिमिटच्या आत, रिपोर्ट सोबत जोडलाय. विशेषण एकच राहिलं आणि बाकी आकडे. एक्सपोर्टवाल्यांनी फक्त त्या एका तासासाठी यावं.

प्रॉपर वर मजा आली. आपण म्हणतो ना, "तुम्ही नाशिक प्रॉपरचे का बाहेरचे?" मला हे कायम आपलं देशी इंग्रजी वाटायचं, सर म्हणाले एकदम शुद्ध आहे, इंग्रज पण लंडन प्रॉपर असंच म्हणतात, नावाच्या मागे लावून, म्हणजे आजूबाजूचं सोडून खरं खास लंडन. प्रॉपरचं मूळ लॅटिन प्रोप्रियस, म्हणजे स्वतःचं. त्यातूनच प्रॉपर्टी, प्रोप्रायटर. आणि त्यातूनच ॲप्रोप्रिएट, जे विशेषण म्हणून वापरलं तर प्रसंगाला साजेसं आणि क्रियापद म्हणून वापरलं तर स्वतःचं करून घेणं, ढापणं सुद्धा. उच्चार पण वेगळा, विशेषणाचा शेवट अट असा आखूड आणि क्रियापदाचा एट असा लांब. विधिमंडळात बजेटच्या वेळी जे विनियोजन विधेयक येतं ते ॲप्रोप्रिएशन बिल, पैसे या कामासाठी वेगळे काढले असं, आणि त्याच पैशांची वाट दुसरीकडे लागली की मिसॲप्रोप्रिएशन. बॅचमधले एक सरकारी खात्यातले भाऊसाहेब म्हणाले आमच्याकडे दोन्ही असतं.

त्याच भाऊसाहेबांकडून थ्रू प्रॉपर चॅनेल आलं, म्हणजे अर्ज साहेबांमार्फतच गेला पाहिजे, मधेच उडी मारली की प्रॉपर नाही. यात अर्ज बरोबर का चूक हा मुद्दाच नसतो, रीत पाळली का एवढाच. प्रॉपरमध्ये कायम ती रीतभात असते आणि म्हणून कोणाला यू आर नॉट प्रॉपर फॉर धिस जॉब लिहिलं की हसू होतं, तिथे सूटेबल पाहिजे. बिकमिंग पण त्यांच्याच कामाचं निघालं, केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमात कर्मचाऱ्याने त्याच्या पदाला न शोभणारं काही करू नये असं आहे, तिथे शब्द अनबिकमिंग. नाहीतर बिकमिंग आपल्याला फक्त होणे म्हणून माहीत.

एलिजिबल आणि सूटेबल मधला फरक शिकवताना हॉल एकदम शांत झाला होता. एलिजिबल निवडणे या क्रियापदातून आलाय, इलेक्ट त्याचाच भाऊ, पण आज त्याचा अर्थ निवडला जाण्याच्या अटी पूर्ण केल्या एवढाच. वय बसतं, डिग्री बसते, टक्के बसतात, कागदावर तपासता येतं. सूटेबल ठरवतो समोर बसलेला माणूस. मागच्या बाकावर प्राध्यापक होण्यासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा होता, तो म्हणाला सर मग एनएफएस. नॉट फाउंड सूटेबल. प्राध्यापक भरतीत राखीव जागांवर एलिजिबल उमेदवार मुलाखतीला येतात आणि शेवटी कोणीच सूटेबल सापडलं नाही असा शेरा मारून जागा रिकामी ठेवतात, यावर किती वर्ष ओरड चाललीये. सरांनी विषय टाळला नाही हे मला आवडलं. म्हणाले एलिजिबल नाही म्हणायला नियम दाखवावा लागतो, सूटेबल नाही म्हणायला काही दाखवावं लागत नाही, म्हणून जिथे हा शब्द दिसेल तिथे कशासाठी हा प्रश्न लेखी विचारायचा. त्या मुलाने ते वहीत लिहून घेतलं आणि मी पण.

कोर्टाची भाषा हा वेगळाच चॅप्टर. वकिलांच्या ऑफिसला काम करणारी एक मुलगी होती, ती रोज टाईप करते, कोर्टाला फिट अँड प्रॉपर वाटेल तो आदेश द्यावा. तिला वाटायचं ही दोन शब्दांची नुसती सजावट. तेच फिट अँड प्रॉपर रिझर्व्ह बँक बँकांच्या संचालकांना लावते, तिथे ती पूर्ण कसोटी आहे, माणूस त्या खुर्चीला लायक आहे का आणि त्याचे व्यवहार स्वच्छ आहेत का. मग सरांनी तिलाच माल विक्री कायदा १९३० मधलं कलम १६ वाचायला लावलं. मला परचेसमध्ये असून हे कोणी सांगितलं नव्हतं. सोप्या भाषेत असं की गिऱ्हाइकाने दुकानदाराला सांगितलं की मला हा माल अमुक कामासाठी पाहिजे, तो दुकानदाराच्या अकलेवर विसंबला, आणि दुकानदाराचा धंदाच तो माल विकायचा आहे, तर माल त्या कामाला रीझनेबली फिट असला पाहिजे ही अट कायद्याने आपोआप धरली जाते, बिलावर लिहिलेली असो नसो. पण तुम्ही नुसतं ब्रँडचं नाव घेऊन अमुकच द्या म्हणालात, तर मग ही अट धरता येत नाही.

यावर सरांनी इंग्लंडमधला १९३९ चा एक खटला सांगितला. एका बाईंनी हॅरिस ट्वीडचा कोट शिवून घेतला, घातल्यावर अंगाला त्वचारोग झाला, केस टाकली आणि हरल्या. का, तर त्यांची त्वचा नेहमीपेक्षा फार नाजूक होती, दुसऱ्या कोणाला त्या कोटाने काही झालं नसतं, आणि ही गोष्ट त्यांनी विकणाऱ्याला सांगितलीच नव्हती. कोट फिट होता, कशासाठी हे मात्र अर्धंच सांगितलं होतं. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मी पीओच्या, म्हणजे परचेस ऑर्डरच्या फॉरमॅटमध्ये एक ओळ टाकायला लावली, कुठल्या वापरासाठी, किती टेंपरेचरला, कुठल्या ऑइलमध्ये. आमच्या साहेबांनी विचारलं हे कुठून आलं, म्हटलं इंग्रजीच्या क्लासमधून.

बरं, आता कटकटी. सरांना लॅटिनचं वेड आहे. थोडं असेल तोवर मजा येते, म्हणजे सूट हा शब्द मागोमाग जाणे यातून आलाय, म्हणून एकासोबत एक येणारे कपडे तो सूट, लागून असलेल्या खोल्या तो हॉटेलातला सुइट, पत्त्यातला एका चिन्हाचा गट सूट, कोर्टात पाठपुरावा करतात तो पण सूट, हे ऐकून डोकं उघडतं. मराठीतली सूट वेगळी, ती इथे फीमध्ये मिळत नाही, विचारून झालंय. पण ॲप्ट पासून इनेप्ट, तिथून ॲडॅप्ट, तिथून ॲटिट्यूड, कारण ॲटिट्यूड आणि ॲप्टिट्यूड मूळचे एकच, असं करत करत रविवार दुपार संपते आणि ज्या गोष्टी रोज लागतात त्या शेवटच्या अर्ध्या तासात कोंबल्या जातात. दॅट कलर सूट्स ऑन यू म्हणायचं नाही, सूट्स यू. व्हेन आर यू कन्व्हिनियंट विचारायचं नाही, व्हेन इज इट कन्व्हिनियंट फॉर यू. पेपरात रोज येणारा बेफिटिंग रिप्लाय चालतो पण बेफिटिंग ऑफ नको. यावर एक पूर्ण लेक्चर पाहिजे होतं, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि मिळाली काय तर एक झेरॉक्स, ती पण एवढी फिकट की बँकेतल्या ताईंच्या भाषेत अनफिट.

दुर्मिळ शब्दांची जी यादी देतात ती सरळ बाजूला ठेवा. इडोनियस म्हणे योग्य. कोणाला लिहिणार आहात? कॉन्डाइन एक ठीक आहे, शिक्षेला लागतो, केलेल्या गुन्ह्याला शोभेल अशी शिक्षा. एक्सपिडियंट बघून ठेवा कारण जुन्या कायद्यांच्या सुरुवातीला तो असतोच, १८६० च्या दंड संहितेची पहिली ओळच व्हेअरॲज इट इज एक्सपिडियंट अशी होती, तिथे इष्ट असा साधा अर्थ आणि आज एखाद्या पुढाऱ्याच्या निर्णयाला एक्सपिडियंट म्हटलं तर तत्त्व सोडून सोय बघितली असा टोमणा. मीट ची गोष्ट मात्र यादीत असून भारी होती. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ॲन हेल्प मीट फॉर हिम आहे, मीट म्हणजे योग्य, त्याला साजेशी मदतनीस. लोकांनी दोन शब्द जोडून हेल्पमीट हा एकच शब्द केला, मग त्याचा हेल्पमेट झाला, आणि जोडीदार असा अर्थ कायमचा चिकटला. चुकून जन्मलेला शब्द डिक्शनरीत बसलाय मानाने.

आता काउंटर. जिथे आत सर प्रत्येक शब्दाला कशासाठी विचारतात तिथे बाहेर बसणाऱ्या मॅडम कोणालाच काही विचारत नाहीत. माझ्यासमोर एक आई दहावीतल्या मुलाला घेऊन आल्या, म्हणाल्या हा बोलायला घाबरतो, इंटरव्ह्यूला बोलता आलं पाहिजे पुढे, मॅडम म्हणाल्या हो हो सगळं होईल, फॉर्म भरा. तो पोरगा बिचारा कलम १६ च्या लेक्चरला मागे बसून खिडकीतून खाली बघत होता. असे प्रत्येक बॅचला दोन-चार असतात. ते मधेच सोडतात, पावतीवर फी परत मिळणार नाही असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि मग एक स्टार पडतो, सरांच्या नावाने. वकिलांकडच्या त्या मुलीने एकदा भर वर्गात विचारलं पण, सर त्या आईंनी काम सांगून प्रवेश घेतलाय, मग क्लास रीझनेबली फिट नको का. सर हसले, म्हणाले कलम १६ मालाला आहे, क्लास ही सेवा, त्यांना ग्राहक संरक्षण कायदा २०१९ बघावा लागेल, आणि मी काउंटरला बोलतो. बोलले की नाही माहीत नाही, पुढच्या शनिवारी तिथे तेच चाललं होतं.

मग कोणी जावं. ज्यांना इंग्रजी वाचता येतं, कामाला लिहावं लागतं आणि समोरचा आपला मेल वाचून भलतंच समजतो त्यांनी डोळे झाकून जा. स्पर्धा परीक्षावाल्यांना अर्धा फायदा, सिनॉनिमच्या प्रश्नांना चार पर्यायातून एक टिकवायचा असतो आणि इथे चारही कुठे बरोबर आहेत ते शिकवतात, परीक्षेत एवढा वेळ मिळत नाही. बोलायची भीती घालवायची असेल तर इथे नका येऊ, लहान मुलांना तर नकोच. आणि फॉर्म भरण्याआधी एक लेक्चर बसू द्या म्हणून अडून बसा, मॅडम नाही म्हणतात पण सर आतून हो म्हणतात.

फी साधारण तीन-साडेतीन हजार एका मॉड्यूलला, झेरॉक्सचे पैसे वेगळे, ते आधी सांगत नाहीत. गाडी गल्लीत लावू नका, समोरच्या सोसायटीवाले हवा सोडतात, मेन रोडला लावून चालत या. शनिवारी संध्याकाळपेक्षा रविवार सकाळची बॅच घ्या, सर ताजेतवाने असतात आणि खाली मिसळवाला चालू असतो.